रिकाम्या स्मृतीतली नावे

यवतमाळ, १३ नोव्हेंबर २००६

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. मत त्यानंतर.

जिल्ह्यातील कापूस उत्पादकांची निर्देशिका गेल्या वर्षी संगणकावर आली. तीत साडेचार लाख नोंदी आहेत: नाव, गाव, शेत, दूरध्वनी, शेरा. कार्यालयातील आम्हां कर्मचाऱ्यांच्या नोंदीही तीतच आहेत. खरेदी केंद्रे, तलाठी, पोलीस ठाणी आणि आमच्या तळमजल्यावरील शोध-खिडकी, कोणाचाही ठाव हवा असल्यास किंवा हरवलेल्याची चौकशी नोंदवायची असल्यास सर्वजण या एकाच सर्व्हरला विचारतात. खरेदीचा हंगाम सुरू होताच सर्व्हर गुदमरला. एका नावाच्या उत्तराला पाऊण मिनिट लागू लागले. मारेगावच्या केंद्रावर रांगेतल्या लोकांनी खिडकीच्या काचा फोडल्या. त्यानंतर मला बोलावण्यात आले.

मी गझाला, उमरखेडची. निर्देशिकांच्या डेटाबेसची कार्यक्षमता हा माझ्या डॉक्टरेटचा विषय. शालान्त परीक्षेत मी मराठीत जिल्ह्यात पहिली आले होते. या दुसऱ्या गोष्टीचे लोकांना पहिलीपेक्षा अधिक आश्चर्य वाटते. तो त्यांचा दोष आहे.

दहा जानेवारीला नागपूरहून समिती येईल. प्रत्येक शोधाचे उत्तर एका सेकंदाच्या आत आले पाहिजे. न आल्यास काम माझ्याकडून काढून घेतले जाईल.

आता मत. माझ्या आधीच्या गृहस्थांनी सर्व्हर बसवला नाही, नुसता ठेवला. स्मृतीचा आकार कारखान्यातून आला तसाच. बदलांची नोंद आणि मूळ डेटा एकाच डिस्कवर, म्हणजे बैलगाडी आणि एसटी एकाच अरुंद पुलावर समोरासमोर. कार्यालयप्रमुख विठ्ठलराव सज्जन आहेत, म्हणजे निरुपयोगी आहेत. खिडकीवर जमीर नावाचा ऑपरेटर आहे. त्याने पहिल्याच भेटीत, थोरल्या बहिणीला विचारावे तसे, विचारले, "म्याडम म्हनू का बाजी म्हनू?"

"डॉक्टर म्हणावे."

"मंग नाडी बी पाह्यता का?"

याच्याबरोबर मला दोन महिने काढायचे आहेत.

१६ नोव्हेंबर

सर्व्हर मंद का, याचे कारण सर्व्हरमध्ये नसून खिडकीत आहे. पूर्ण नाव विचारले, तर सर्व्हर अनुक्रमणिकेतून थेट त्या नोंदीपाशी जातो. परंतु जमीर आणि तालुक्यांतील त्याचे भाईबंद पूर्ण नाव टंकित करीतच नाहीत. त्यांनी 'शेरा' या रकान्यात मुलांची नावे, टोपणनावे, घराच्या खुणा भरून ठेवल्या आहेत आणि ते तेथे नावाचा एखादा तुकडा ताऱ्याच्या दोन खुणांमध्ये घालून शोधतात, म्हणजे मागेपुढे काहीही असले तरी चालते. शेऱ्याची अनुक्रमणिका नाही. सर्व्हर बिचारा साडेचार लाख नोंदी एकेक उघडून पाहत बसतो.

"हे तारे कशासाठी?"

"लोकं पुरं नाव कुठं सांगतेत, म्याडम. कोनी म्हनते बंड्याचा बाप, कोनी म्हनते नाल्याजवळचे पाटील."

"ज्याला शोधायचे त्याचे नाव माहीत नसेल, तर तो शोध नव्हे. तो अंदाज."

"आमच्या इकडं अंदाजानंच सापडते मानूस."

आजपासून तारा बंद. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तिन्ही अचूक. सायंकाळपर्यंत सरासरी उत्तर सेकंदाच्या आत आले. विठ्ठलरावांनी पेढे मागवले. मी घेतला नाही. काम अद्याप पूर्ण झालेले नाही.

२१ नोव्हेंबर

एक विसंगती.

ज्या नोंदी विचारल्या जातात त्या सर्व्हर हाताशी, म्हणजे स्मृतीत ठेवतो. ज्यांना कोणी विचारीत नाही त्या डिस्कवर पडून राहतात. रोज सकाळी खिडकी उघडण्यापूर्वी मी सर्व्हर फेरचालू करते, त्या क्षणी स्मृती रिकामी झालेली असते. अजून कोणी काही विचारलेले नसते. मोजणी शून्य यायला हवी.

आज एक आली.

बाहेरच्या केंद्रांना जोडणारी जाळ्याची तार काढून पुन्हा फेरचालू केला. एक. स्मृतीचा आकार निम्मा केला, दुप्पट केला. एक. नोंद उघडून पाहिली: सदाशिवराव गोहोकार, तालुका मारेगाव. या गृहस्थांना कालपासून कोणी विचारल्याचे लॉगमध्ये नाही. आज दिवसभरही कोणी विचारले नाही. मग सर्व्हरने त्यांना हाताशी कशासाठी घेतले?

शून्य हा माझ्या मते सर्वांत स्वच्छ आकडा आहे. तो मला मिळत नाही, हे मला सहन होत नाही.

२३ नोव्हेंबर

आजही सदाशिवराव. आज उलगडा झाला, आणि तो असा की दोष सर्व्हरचा नव्हता.

खिडकीसमोरच्या बाकावर परवा दुपारपासून एक स्त्री बसलेली आहे. सायंकाळी जाते, सकाळच्या एसटीने परत येते. रांगेला तिची अडचण होते म्हणून मी स्वतः गेले.

"आपल्याला कोणाचा ठाव हवा आहे?"

"मालकाचा."

"नाव?"

तिने पदर तोंडाशी नेला आणि भिंतीकडे पाहिले.

"नावाशिवाय शोध होत नाही."

"म्या कशी सांगू व बाई. दिपालीचे बाबा."

जमीर आतून म्हणाला, "थ्या मालकाचं नाव नाई घेत, म्याडम. परवापासून हेच सांगून राह्यल्या. शेऱ्यात दिपाली मारलं असतं त परवाच निघाला असता मानूस. तुमीच बंद केलं."

"लिहून द्यावे."

"लिहता येत नाई."

"गावातील कोणाकडून नाव सांगवावे."

"गावात अजून कोनाले म्हनलंच नाई," ती म्हणाली. "लोकायले तोंड भेटते."

मी एका शोधापुरती परवानगी दिली. दिपाली अनेक निघाल्या. मारेगाव तालुक्यातील त्या गावात एकच. जमीरने नाव वाचले तेव्हा त्या स्त्रीने, तिचे नाव तानाबाई, मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे पाहिले.

सदाशिवराव मंगळवारी उन्हे वर आल्यावर घरून निघाले. वेचणीच्या बाया शेतात होत्या, चुलीवर आधण होते. दारात चपला घातल्या आणि गेले. भांडण नाही, शब्द नाही.

"कुठे जाता म्हणून आपण विचारले नाही?"

"निघत्या मानसाले कुठं चालले म्हून इचारू नये नं, बाई. मागून हाक बी मारू नये. काम होत नाई त्याचं."

एका प्रौढ व्यक्तीने दुसरीला दारातून जाताना पाहिले आणि अपशकुन होईल म्हणून तोंड उघडले नाही. यावर काय लिहावे?

मला मात्र वेगळाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. मंगळवारी मी सर्व्हर फेरचालू केला तेव्हा उन्हे वर आलेली नव्हती. ते घरातच होते. ज्याची चौकशी होणार आहे अशी नोंद सर्व्हरने चौकशीपूर्वी हाताशी आणून ठेवली होती. विचारणारी बाकावर बसली होती. नावाअभावी प्रश्न तेवढा पोहोचला नव्हता.

ता. क. शेऱ्याच्या तुकड्यांची अनुक्रमणिका बांधावी असे मला सुचले. रात्रीतून बांधून होईल. उद्यापासून तारा वापरण्यास हरकत नाही.

२९ नोव्हेंबर

तीन दिवसांपासून फेरचालू केल्यावर कधी दोन, कधी चार नोंदी येतात. राजूरचे एक खाणकामगार, ज्यांचे पाच एकर कापसाखाली आहे. पुसदकडचे दोघे. जो जो सकाळी स्मृतीत आला, त्याची त्याची चौकशी दिवस मावळण्यापूर्वी आली: कधी ठाण्यातून, कधी शाळेच्या मास्तरांकडून, बहुतेक वेळा घरच्यांकडून. एकही नाव वाया गेले नाही.

शंभर टक्के. हा आकडा मी कोणत्याही ग्रंथात पाहिलेला नाही. या गुणधर्माला मी पूर्वस्मरण असे नाव दिले आहे. निबंधाचा आराखडा तयार केला.

मोजणी तपासण्यासाठी जमीर रोज सकाळी नावे मोठ्याने वाचतो आणि मी टिपते. आज तो मध्येच थांबला.

"म्याडम, हे सगळे निघून गेलेले मानसं हायेत."

"शोध निघून गेलेल्यांचाच होतो. समोर बसलेल्याला कोण शोधतो?"

"आपन वाचतो तवा थे गेलेले नसतेत. घरी चहा पेत असतेत."

हे विधान तर्कदृष्ट्या बरोबर आहे. त्याचा माझ्या विषयाशी संबंध नाही.

५ डिसेंबर

आज पाच नावे. नोंदींतील तपशील शिळे असतील तर माझ्या निष्कर्षांना अर्थ राहणार नाही, म्हणून जमीरला पाचही ठिकाणी दूरध्वनी करून नाव-गाव पडताळण्यास सांगितले. मी दुसऱ्या जोडणीवर ऐकत होते.

राजूरजवळचे एक गृहस्थ.

"कोन बोलून राह्यलं?"

"निर्देशिका कार्यालय, भाऊ. तुमचं नाव, गाव बराबर हाय का पाहून राह्यलो."

"बराबर हाय. तुमाले कसं समजलं मी निघालो म्हून?"

"कुठं निघाले?"

मागे कोंबड्या होत्या.

"थेच आठवून राह्यलो," ते म्हणाले. "चप्पल घालून उभा हाय मी. घंटी वाजली म्हून वळलो." मग म्हणाले, "असू द्या. चहा घेतो आधी."

उमरखेड तालुक्यातील कांताबाई, स्वतः शेती करणाऱ्या. त्या धापा टाकत होत्या. "दार सताड टाकून बांधावर गेलती मी. पोरगं हाका मारून राह्यलं असं वाटलं. पोरगं त पुन्याले हाय. थ्याचाच फोन असंल म्हून पयत आली."

उरलेले तिघेही घरीच होते. तपशील सर्वांचे अचूक.

सायंकाळपर्यंत पाचांपैकी एकाचीही चौकशी आली नाही. शंभरावरून शून्यावर. समिती येण्यास महिना उरला आहे आणि माझ्या निबंधाचे अधिष्ठान एका दिवसात खचले. जमीर मात्र जाताना शीळ घालत होता.

८ डिसेंबर

दूरध्वनी न करता दोन दिवस पाहिले: जितकी नावे, तितक्या चौकशा. आज पुन्हा दूरध्वनी केले: एकही चौकशी नाही. निष्कर्ष उघड आहे. दूरध्वनीने मापन बिघडते. चाचणी होईपर्यंत स्मृतीतील कोणत्याही नोंदीशी संपर्क साधण्यास मी लेखी मनाई केली आणि आदेशावर जमीरची सही घेतली.

त्याने सही केली, कागद परत देईना.

"म्हंजे फोन केला त मानूस घरी राह्यते."

"म्हणजे फोन केला तर मापन बिघडते."

"एकच गोष्ट झाली नं."

"एकच नाही. कारण सिद्ध करण्यास इतक्या थोड्या नोंदी पुरत नाहीत. चाचणीनंतर हा प्रश्न रीतसर हाताळता येईल."

"चाचनी होयेस्तोवर रोज चार चार जातीन, म्याडम."

"आपण अतिशयोक्ती करता."

"तुमाले झोप येते का?"

"उत्तम येते," मी म्हणाले. हे खरे आहे. अलीकडे इतकी गाढ येते की सकाळी पाय धुळीने माखलेले असतात आणि कारण आठवत नाही. खोली झाडून घेणाऱ्या बाईंना तंबी दिली.

१८ डिसेंबर

मापन पूर्ववत. शंभर टक्के.

प्रामाणिकपणे नोंदवायचे तर या आकड्याकडे पाहताना मला पूर्वीइतका आनंद होत नाही. आज सकाळी जमीरने वाचलेल्या नावांत वणीच्या एका शिक्षिका होत्या; त्यांच्या नावावर सासऱ्यांची जमीन आहे. दुपारी त्यांच्या शाळेतून चौकशी आली. उत्तर सेकंदाच्या शतांश भागात गेले. पलीकडची व्यक्ती म्हणाली, "इतक्या लवकर?" आणि रडू लागली. वेगाबद्दल कोणी रडल्याचे मी प्रथमच ऐकले.

सदाशिवरावांचा पत्ता लागलेला नाही. तानाबाई अजून येतात. त्यांनी आता एक चमत्कारिक सवय लावून घेतली आहे. इमारतीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्या मागून विचारतात, "कुठं चालले?" शिपायाला, पोलिसाला, विठ्ठलरावांना. लोक चिडतात, एका म्हाताऱ्याने चप्पल उगारली. त्या उत्तर मिळेपर्यंत सोडत नाहीत.

"बाई, असं इचारू नये, तुमीच म्हनत होत्या नं?" जमीरने त्यांना छेडले.

"म्या नाई इचारलं त काय भलं झालं?" त्या म्हणाल्या.

त्यांना बाकावरून उठवण्याबद्दल मी विठ्ठलरावांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि तानाबाईंसाठी चहा सांगितला.

२८ डिसेंबर

आज दुपारी आर्णी मार्गावर, शेवटच्या दुकानांच्या पुढे, मी उभी होते. हातात सर्व्हरच्या खोलीची किल्ली होती. तेथे जाण्याचे प्रयोजन असणार. चालत असता ते निसटले. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाटीची रिकामी बोंडे वाऱ्याने खुळखुळत होती. एसटीच्या वाहकाने गाडी थांबवून विचारले, "म्याडम, चाल्ले कुठं?" प्रश्न उद्धट होता. मी गाडीत बसून परत आले.

नोंदीसाठी: कार्यालयातून निघण्यापूर्वी कोणीतरी मला पूर्ण नावाने हाक मारली होती. येथे सर्वजण माझे नाव 'गजाला' असे उच्चारतात. सुधारून सुधारून मी थकले. ही हाक निर्दोष होती, अब्बांच्या नावासह, आडनावासह. तिन्ही अचूक. बहुधा म्हणूनच मी उठले.

अब्बांचे चार दूरध्वनी येऊन गेलेले दिसतात. चाचणीनंतर बोलेन.

६ जानेवारी २००७

स्मृतीचे आकारमान, अनुक्रमणिका, डिस्कवर लिहिण्याची वारंवारता, सर्व अंतिम. आता यात हात घालायला जागा नाही. जमीर दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलतो. नावे वाचताना त्याचा आवाज तलाठी मयताच्या नोंदी वाचतो तसा लागतो. मी त्याला नीट वाचण्यास सांगितले. तो म्हणाला, "नीट कसं वाचाचं, तुमी वाचून दाखवा." मी वाचून दाखवले नाही. यादी त्याच्यापुढे परत सरकवली.

१० जानेवारी, रात्र

चाचणीचा दिवस. घडले ते क्रमाने.

मी पोहोचले तेव्हा जमीर आधीच आलेला होता आणि सर्व्हर त्याने फेरचालू केलेला होता. हे त्याचे काम नव्हे. मोजणी विचारली. "सहा," तो म्हणाला आणि सहा नावे वाचली. मी टिपली.

समितीतील दोघे आणि विठ्ठलराव बसले. अचूक नावाचे शोध, तुकड्यांचे शोध, एकाच वेळी सोळा तालुक्यांतून शोध: सर्व उत्तरे सेकंदाच्या आत. समितीतील ज्येष्ठ गृहस्थांनी चष्मा काढून मान डोलावली. मग मी पूर्वस्मरण मांडले. सहा नावे फळ्यावर लिहिली आणि सांगितले की आज मावळतीपूर्वी या सहांची चौकशी येईल. आपण पाहावे.

आम्ही पाहत बसलो. अकराचा चहा झाला. दुपारचे जेवण झाले. खरेदी केंद्रांचे शोध पावसासारखे येत होते. त्या सहांपैकी एकही नाही. धाकटे गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, सर्व्हरने आणून ठेवलं खरं, पण विचारतंय कोण?" विठ्ठलराव हसले नाहीत, हे त्यांच्या श्रेयात नोंदवते.

तेव्हा पुन्हा ती हाक आली. जिन्याकडून. माझे पूर्ण नाव, इतक्या शुद्ध उच्चाराने की मला समितीच्या बोलण्याची लाज वाटली. मी दोन मिनिटांत येते असे सांगून उठले. तळमजल्यावर आले, दाराबाहेर पाऊल टाकले.

"कुठं चालल्या?"

तानाबाई. मी थांबले नाही. त्यांनी मागून पुन्हा हाक मारली, या खेपेस माझ्या नावाने, अर्थात चुकीच्या. "गजालाबाई, कुठं चालल्या म्हनते मी?"

"बाहेर."

"बाहेर कुठं?"

मी पुढची पायरी उतरले; त्यांना उत्तर सांगण्याची मला गरज नव्हती. उत्तर काय होते हे मात्र आता लिहिता येत नाही.

तोवर जमीरने स्कूटर आणून पायरीला आडवी लावली.

"बसा म्याडम. अम्मीनं जेवाले बलावलं."

"वर चाचणी सुरू आहे."

"चाचनी वर हाय, मंग तुमी खाली काहून?"

मी खाली पाहिले. माझ्या पायांत काही नव्हते. चपला वर टेबलाखाली राहिल्या होत्या आणि फरसबंदी तापली होती. तानाबाईंनी माझा दंड असा धरला होता की सुटण्यासाठी झटापट करावी लागली असती. मी स्कूटरवर बसले. त्या माझ्या मागे बसल्या. तिघे एका स्कूटरवर, नियमबाह्य.

जमीरच्या आई, आयशाबी, यांनी माझ्या पायांकडे पाहिले आणि स्वतःच्या सपाता काढून पुढे सारल्या. "इत्ती पढी-लिखी, और पैर में चप्पल नहीं. जमीर बोलता था बहुत अकडू है. मेरे को तो भूकी दिखती."

"मी जेवले आहे."

"किधर? आँखें देखो इसकी." मग तानाबाईंकडे वळून, "तू सांग व, ही जेवलेली दिसते का?"

तानाबाई म्हणाल्या, नाही दिसत.

ज्वारीची भाकर आणि तुरीच्या दाण्यांची आमटी होती. तिखट प्रमाणाबाहेर. मी तीन भाकरी खाल्ल्या. माझी नजर दाराकडे गेली की आयशाबी प्रश्न विचारीत: अब्बांचे नाव काय, निजामुद्दीन म्हणजे उमरखेडचे जिनिंगवाले मिस्त्री का, अम्मी केव्हा गेल्या, घरी फोन का करीत नाही, लग्नाचे काय, पगार किती आणि तो कोण खातो. एकाही प्रश्नाचा माझ्या कामाशी संबंध नव्हता. दिवस मावळेपर्यंत त्यांनी मला उठू दिले नाही. मध्ये केव्हातरी मी तानाबाईंच्या खांद्याला टेकून झोपले असे म्हणतात. मला ते मान्य नाही.

परत आले तोवर समिती गेली होती. सर्व्हर स्वीकारला गेला. पूर्वस्मरणाचा भाग अहवालातून वगळला: आधार नाही. दूरध्वनी केले का, असे मी जमीरला सर्वांदेखत विचारले.

"केले फोन," तो म्हणाला. "सकाळीच. साहाच्या साहा जनायले. कांताबाईले त दुसऱ्यांदा. काढून टाका मले."

मी सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावून निघाले. सपाता परत करायच्या राहिल्या.

११ जानेवारी

सकाळी सर्व्हर मी स्वतः फेरचालू केला. मोजणी तीन. जमीर आला, नावे पाहिली, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर दूरध्वनी उचलला. मनाईचा आदेश मी मागे घेतलेला नाही. त्याची आठवणही करून दिली नाही. तिसरा क्रमांक लागत नव्हता. तो मी लावला. पलीकडे एक पुरुष होता. नाव-गाव पडताळल्यावर पुढे काय बोलावे हे मला सुचेना, म्हणून जेवण झाले का असे विचारले. आश्चर्य म्हणजे त्याने सविस्तर उत्तर दिले.

त्यानंतर कालच्या चाचणीचा लॉग तपासावयास घेतला. तो तपासताना जे आढळले त्यावरून पुढील पत्र तयार केले आहे. मसुदा येथे ठेवते; प्रत आज त्याच्या टेबलावर जाईल.

श्री. जमीर, ऑपरेटर, शोध-खिडकी यांस,

एक. काल दि. १० जानेवारी रोजी सकाळी आपण अनधिकाराने सर्व्हर फेरचालू केला. त्या वेळी स्मृतीतील नोंदींची मोजणी सात होती, असे लॉगवरून दिसते.

दोन. आपण मला सहा सांगितली आणि सहा नावे वाचली.

तीन. आपल्या म्हणण्यानुसार सहा नोंदींना आपण दूरध्वनी केले. त्या सहांची चौकशी आली नाही.

चार. सातवी नोंद निम्नस्वाक्षरीकर्तीची आहे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तिन्ही अचूक. त्या नोंदीचीही दिवसभरात कोणी चौकशी केलेली नाही. मात्र दुपारी आपण जेवणासाठी नेल्याखेरीज निम्नस्वाक्षरीकर्तीला बाहेर जाण्याचे कोणतेही कारण नव्हते, आणि त्यापूर्वी ती दाराबाहेर का आली होती, याचा खुलासा तिच्यापाशी नाही.

पाच. निम्नस्वाक्षरीकर्ती दूरध्वनी उचलत नाही, हे आपणांस माहीत होते, असे धरून चालते.

सबब आपणांस कळविण्यात येते की, सातवे नाव आपण का वाचून दाखवले नाही, ते पाहिल्यावर आपण काय ठरविले, तानाबाईंना दारात कोणी आणि केव्हापासून बसविले, आणि कोणी विचारणारे नसते, तर ही नोंद आज कोठे असती असे आपले मत आहे, याचा खुलासा मुद्देनिहाय करावा. तोंडी उत्तर, चहा किंवा विनोद स्वीकारला जाणार नाही. उत्तर लेखीच द्यावे. ते घेण्यासाठी मी उद्या सकाळी कार्यालयात हजर असेन.